कच्च्या केळ्याची रोश्टी

आमच्या घरात थंडीला स्वेटर नव्हते, भट्टी होती. जोहरी बाजाराच्या मागच्या गल्लीत एका जिन्याखाली अण्णांची सोनं गाळायची खोली, आणि तिच्यावरच्या माळ्यावर आम्ही चौघं: अण्णा, आई, धाकटा भाऊ आणि मी. आटपाडीकडची आमची माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली, त्यातले अण्णा जयपूरला येऊन टेकले. गलाई म्हणजे मोडके दागिने, कारागिरांच्या फरशीवरचा झाडलेला केर, त्यांनी हात धुतलेल्या पाण्याचा गाळ, हे सगळं मुशीत वितळवायचं, तेजाबात, म्हणजे तीव्र आम्लात, उकळायचं आणि त्यातलं शुद्ध सोनं वेगळं काढून ज्याचं त्याला द्यायचं. सोनं लोकांचं. आमच्या वाट्याला तेजाबाचा धूर, अण्णांचा खोकला आणि जानेवारीत फुकटची ऊब. माझ्या शाळेच्या युनिफॉर्मवर शिंतोडे उडून बारीक भोकं पडायची. वर्गातल्या मुली विचारायच्या, "चूहे ने काटा क्या?" मी हो म्हणायचे. उंदीर सांगायला सोपा होता.

अण्णा चौथी शिकलेले. आईला सहीपुरतं येतं, तेही मी शिकवलं. बारावीनंतर मी हॉटेल मॅनेजमेंटला जाणार असं कळल्यावर गावाहून चुलत्यांचा फोन आला. "भाकरी थापायला कालेज लागतंय व्हय रं आता?" अण्णांनी इकडून "लागतंय" एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला. माझ्या शिक्षणावर अण्णांनी आयुष्यात केलेलं भाषण ते एवढंच. मला ते पुरलं.

डिसेंबर आला की हे सगळं वर येतं. सकाळी जगतपुऱ्याच्या रस्त्यावर स्कूटर काढते तेव्हा समोरची बस दिसत नाही, नुसता तिचा हॉर्न ऐकू येतो. कडेला गजकवाल्यांच्या गाड्या लागलेल्या असतात, तीळ आणि गुळाचा भाजका वास धुक्यात अडकलेला असतो. मी शिकवते त्या हॉटेल मॅनेजमेंटच्या कॉलेजात पोचते, ओला झालेला स्कार्फ खुर्चीवर टाकते आणि फळ्यावर लिहिते: स्वित्झर्लंड. अभ्यासक्रमात तो धडा नेमका याच महिन्यात येतो. मुलं खूश होतात. त्यांच्या डोळ्यांपुढे बर्फ, चॉकलेट, सिनेमातल्या पातळ साड्या. मी म्हणते, ते सगळं बाजूला ठेवा. हे गरिबांचं जेवण आहे.

खरंच आहे. उन्हाळ्यात तिथले गुराखी गाई घेऊन डोंगरावरच्या कुरणांवर चढतात. दूध उदंड, पण ते खाली गावात नेऊन विकायची सोय नाही, आणि दूध काही टिकत नाही. मग तिथेच लाकडाच्या चुलीवर तांब्याच्या मोठ्या कढईत त्याचं चीज करायचं आणि थंडीसाठी राखून ठेवायचं. आपल्या बायका उन्हाळ्यात कुरडया, सांडगे घालून डबे भरतात, त्यातलाच प्रकार. हिवाळ्यात बर्फाने वाटा बंद झाल्या की घरात उरतं ते कडक झालेलं चीज आणि शिळा पाव. ते दोन्ही चावत नाही म्हणून चीज वितळवलं, त्यात पाव बुडवला, आणि झालं फोंड्यू. ज्याला आज हॉटेलात मेणबत्त्या लावून वाढतात, तो मुळात शिळ्या पावाचा उपाय आहे. राक्लेतचंही तेच. चिजाचा अर्धा गोळा विस्तवाजवळ धरायचा, वितळेल तसा सुरीने उकडलेल्या बटाट्यावर खरवडायचा, सोबत आंबवलेल्या काकड्या. गुराख्यांची मॅकरोनी असते, तिच्यात बटाटे, साय, चीज आणि वरून परतलेला कांदा, आणि बाजूला, मुलांना हे पटतच नाही, सफरचंदाचा गोड गर. आणि रोश्टी. आदल्या दिवशीचे उकडलेले बटाटे किसून लोण्यावर तव्यात दाबून लालसर होऊ द्यायचे, मग ताटली पालथी घालून उलटायचे. शेतकऱ्यांची न्याहारी. आपला उपासाचा बटाट्याचा कीस मोकळा न ठेवता थालीपिठासारखा दाबून खरपूस केला तर आपण त्या गावाच्या वेशीपर्यंत पोचतो.

इथपर्यंत वर्ग छान चालतो. मग मागच्या बाकावरून कुणीतरी हात वर करतं. "मॅम, इसमें वेज क्या-क्या है?" जयपूर आहे, हा प्रश्न येणारच. आणि दरवर्षी त्या प्रश्नाशी मी जरा थांबते. मुलांना वाटतं, मॅम यादी आठवतायत.

मला दाते सर आठवत असतात.

पदवीच्या शेवटच्या वर्षी आम्हाला वीस आठवडे एखाद्या हॉटेलात प्रत्यक्ष काम करावं लागायचं. तिथल्या मुख्य शेफने शेवटी आमच्या वहीवर शेरा लिहून सही केली तरच परीक्षेला बसता यायचं. सही नाही तर पदवी नाही, इतकं सरळ. मला शहराबाहेरच्या रस्त्यावरचं एक मोठं हॉटेल मिळालं आणि तिथे मुख्य शेफ दाते सर. पुण्याचे. ऐन उमेदीची आठ वर्षं स्वित्झर्लंडमध्ये डोंगरातल्या एका हॉटेलात काढून आलेले, आता जयपूरच्याच वैशाली नगरात राहणारे. पहिल्या दिवशी त्यांनी माझं आडनाव वाचलं आणि चष्म्यावरून बघितलं.

"मराठी का?"

"हो सर."

"मग मघापासून हिंदीत काय जी-जी करतेस? बस."

त्या एका वाक्यावर मी त्यांची झाले.

हे मला समजावून सांगावं लागेल, कारण महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाला ही चूक करता येणार नाही. आमच्या घरात दोन भाषा होत्या आणि त्यांची कामं ठरलेली होती. हिंदी बाजाराची. "कल पक्का मिल जाएगा", "बस, आखिरी दाम", "आपसे क्या ज़्यादा लेंगे", हे सगळं हिंदीत. त्यातलं किती खरं आणि किती खोटं हे घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही माहीत असायचं. मराठी घरातली. मराठीत आई रागवायची, अण्णा कण्हायचे, गावाकडची मयताची बातमी मराठीत यायची. माझ्या कानांना एकवीस वर्षांत मराठीत कुणी खोटं बोललेलं ठाऊकच नव्हतं, कारण मराठी बोलणारी माणसंच मला चार-पाच ठाऊक. त्यामुळे मराठी वाक्य कानावर पडलं की ते मी तपासायचे नाही. सांगली-पुण्याकडच्या मुलीला रिक्षावाल्यापासून मास्तरापर्यंत सगळे मराठीतच फसवतात, ती वेळेवर शहाणी होते. मी उशिरा झाले.

आणि सर शिकवायचे सुंदर. हे लपवणार नाही. मातीचं जाड बुडाचं भांडं लसणीच्या पाकळीने आतून घासून घ्यायचं. चीज किसून कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवायचं. वाइन कोमट झाली की मुठी-मुठीने सोडायचं आणि लाकडी चमच्याने इंग्रजी आठचा आकडा काढत राहायचं, गोल नाही. "उकळू द्यायचं नाही. उकळलं की तेल वेगळं, गोळा वेगळा. वितळवायचं, शिजवायचं नाही." मला हसू आलं. सर म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, आमचे अण्णाही असंच सांगतात, मुशीपाशी घाई करायची नाही. मग त्यांनी विचारत विचारत सगळं काढून घेतलं. अण्णा, भट्टी, तेजाब. मी उत्साहाने सांगत गेले. हेही सांगितलं की बाजारात मोठमोठे जोहरी सोनं कसोटीवर घासल्याशिवाय हातात घेत नाहीत, पण अण्णांनी "शुद्ध आहे" म्हटलं की घासत नाहीत. तसंच पेटीत ठेवतात.

"वा," सर म्हणाले. "मोठी गोष्ट आहे ही."

मला किती बरं वाटलं होतं.

एकदा दुपारी पाहुणे नव्हते तेव्हा त्यांनी आम्हा कामावरच्या सगळ्यांना भांड्याभोवती बसवून फोंड्यू खायला घातलं. तिथला रिवाज असा की ज्याचा पावाचा तुकडा काट्यावरून सुटून भांड्यात पडेल त्याने दंड भरायचा, गाणं म्हणायचं. माझा पहिल्याच फटक्यात पडला. मला एकही गाणं धड येईना, शेवटी शाळेतली हिंदी प्रार्थना म्हटली आणि तंदूरवाला रफीकभाई हात जोडून उभा राहिला. सगळे लोळले. शेवटी भांड्याच्या तळाला चिजाची कुरकुरीत साल उरते, तिला तिकडे मान असतो. सरांनी ती सुरीने सोडवली आणि माझ्या ताटलीत ठेवली. "घे पोरी. ही घरच्या माणसाची." दुधाच्या पातेल्याची खरवड आई मला द्यायची तशी चव होती का? नव्हती. ओल्या गोठ्यासारखा वास होता. पण मी ती खाल्ली आणि दिवसभर जिभेवर ठेवली.

थंडी वाढली तशी लग्नसराई, मेजवान्या वाढल्या. त्यातच एका जैन जोहऱ्यांच्या घरचं काम हॉटेलाकडे आलं. माजीसांची, म्हणजे सेठजींच्या आईची, पंच्याहत्तरी होती. ते सगळं कुटुंब उन्हाळ्यात पंधरा दिवस स्वित्झर्लंड फिरून आलेलं, पण सोबत स्वतःचा स्वयंपाकी महाराज आणि खाकऱ्यांचे डबे. तिथलं काही तोंडात घातलं नव्हतं. म्हणून आता घरी, हवेलीच्या चौकात, स्विस जेवण पाहिजे होतं. अण्णा याच घरचं सोनं गाळायचे. वीस वर्षं.

अडचणी बघा. जैन घर, म्हणजे जमिनीखाली उगवणारं काही चालणार नाही. बटाटा नाही, कांदा नाही, लसूण नाही. दारू तर नाहीच. आणि सूर्य मावळायच्या आत सगळं उरकायचं. स्विस जेवणातून बटाटा आणि वाइन काढली तर उरतं काय? सरांनी ते माझ्यावर सोपवलं. मी आठ दिवस त्याच्यामागे वेडी झाले होते. बटाट्याऐवजी कच्ची केळी उकडून, गार करून किसली. चिकट व्हायची, मग अर्धी कच्चीच ठेवून बघितली, तेव्हा कुठे तव्यावर धरली. राक्लेतलाही केळ्याचेच काप. फोंड्यूत वाइनचा आंबटपणा चिजाला फुटू देत नाही, त्याजागी लिंबाचा रस आणि सफरचंदाचा रस. भांडं लसणीऐवजी जायफळाने घासलं. रात्री घरी आले की आई विचारायची, "परदेशातलं जेवण करतीयास का उपासाचं?" केळ्याची पहिली रोश्टी जमली ती मी डब्यातून घरी आणली. अण्णांनी खाल्ली, म्हणाले, "बरी हाय. मीठ कमी."

एवढं सगळं करताना एक गोष्ट मला टोचत होती. दूध जमवून चीज करायला रेनेट लागतं. तिकडच्या जुन्या पद्धतीत ते दूधपित्या वासराच्या जठरातून काढतात. वनस्पतीचं किंवा प्रयोगशाळेतलंही मिळतं, पण चीज कुठलं हे बघून घ्यावं लागतं. मी सगळ्यांसमोर हिंदीत विचारलं, "सर, चीज़ में रेनेट कौन सा है?" त्यांनी ऐकलं नाही असं केलं. नंतर मला शीतगृहाच्या दाराशी बाजूला घेऊन मराठीत म्हणाले, "अगं, बघितलंय मी. व्हेज रेनेटचंच मागवलंय. आपल्या माणसाला फसवेन का मी?"

विषय संपला. मराठीत सांगितलं होतं.

मग मी हिंदीत एक कार्ड लिहिलं, प्रत्येक ताटाशेजारी ठेवायला. स्वित्झर्लंडच्या जेवणाचा छोटा परिचय. गुराखी, कुरणं, लांब हिवाळे. शेवटी गोड म्हणून ठेवलेल्या अक्रोडाच्या टार्टबद्दल लिहिलं, की तिथल्या एका डोंगरी भागातली माणसं पोटासाठी परमुलखात जाऊन मिठाईवाले झाली आणि त्यांच्या हातचा हा पदार्थ. लिहिताना आमचे आटपाडीचे लोक डोळ्यांसमोर होते. तळाशी ओळ होती: सब कुछ शुद्ध शाकाहारी, जैन विधि से. सर कार्ड वाचून म्हणाले, "फर्स्ट क्लास. खाली तुझं नाव घाल. वडिलांचंही घाल, त्यांना ओळखतात ना ते." मी घातलं. छापील अक्षरांत अण्णांचं नाव मी पहिल्यांदा बघत होते. एक कार्ड आईने देव्हाऱ्यात ठेवलं.

त्या दुपारी चौकात कोवळं ऊन होतं. माजीसा पांढऱ्या साडीत, खांद्यावर शाल, समोर त्यांचं उकळून गार केलेलं पाणी. सगळ्यांनी खायला सुरुवात केली, त्या थांबल्या. मला जवळ बोलावलं.

"गलाईवाले अण्णाजी की छोरी है ना तू?"

"जी, माजीसा."

"बहू तो कहती है खा लो. ये बड़े साहब भी कहते हैं." सर मागे हात बांधून उभे होते. "पर मैं तो तेरे से पूछूँगी. तेरे बाप का सोना इस घर में कभी घिसा नहीं. तू बोल, खाऊँ?"

"खाइए माजीसा. शुद्ध है."

त्यांनी पावाचा तुकडा बुडवला, नाकाशी नेला. "बास तो आवै है," म्हणाल्या, आणि सगळे हसले. मग खाल्ला. मग आणखी दोन खाल्ले. "चोखो है." मी सरांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, शाबास अशी.

दोन दिवसांनी उरलेलं चीज गुंडाळून ठेवायला मला शीतगृहात पाठवलं. प्रत्येक गोळ्यावर शाकाहारी पदार्थांवर असतो तो हिरवा ठिपका, वेगळा चिकटवलेला. ओलीने एका ठिपक्याचा कोपरा सुटला होता. मी तो परत दाबायला गेले तर तो अख्खाच निघून बोटाला आला. खाली कंपनीची मूळ छपाई, फ्रेंचमध्ये. फ्रेंच वेष्टनं वाचायला मला सरांनीच शिकवलं होतं, दूध कसं लिहितात, मीठ कसं लिहितात. दूध होतं. मीठ होतं. तिसरं वासराचं रेनेट होतं. मी दुसऱ्या गोळ्यावरचा ठिपका नखाने काढला. मग तिसऱ्यावरचा. मग नाही काढले.

सर ऑफिसात हिशोबनिसाशी बोलत होते. तो जाईपर्यंत मी उभी राहिले आणि टेबलावर ठिपका ठेवला.

"हे कुणी चिकटवलं सर?"

"स्टोअरवाल्यांनी असेल."

"खाली वेगळं लिहिलंय."

त्यांनी चष्मा काढला. "अगं, खरं चीज तसंच असतं. दुसरं असं वितळत नाही, मी करून बघितलंय. सेठला स्वित्झर्लंड पाहिजे होतं, त्याला स्वित्झर्लंड दिलं."

"मी माजीसांना शुद्ध म्हणून सांगितलं."

"मग? म्हणूनच तर खाल्लं त्यांनी. माझ्या तोंडून ऐकून खाल्लं असतं का?" हे ते कौतुकाने म्हणाले, हे मला आजही सांगावंसं वाटतं. रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. "जाऊ दे. पोटात गेल्यावर काय कळतंय कुणाला. घरातली गोष्ट घरात ठेवायची. वीस आठवडे होत आले ना तुझे? वही आण उद्या, शेरा लिहून टाकू."

म्हणजे अण्णांचं नाव कार्डावर का घालायला लावलं हे मला तेव्हा कळलं. गिरणीत टाकायच्या आधी गहू बघतात तसं त्यांनी मला पहिल्या दिवसापासून चाळून घेतलं होतं का? की ते आधी खरंच चांगले वागले आणि गरज पडल्यावर मला वापरलं? याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. तळाची खरवड देताना त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते मी पुष्कळ वेळा आठवून बघितलं आहे.

घरी सांगितलं तेव्हा आई भाकरी करत होती. ती आधी म्हणाली, "गप बस. म्हातारीच्या पोटात गेलं ते गेलं. आता सांगून तिचा जीव कशाला जाळतीस? आन् तुझ्या सहीचं काय?" मला आईचं पटत होतं. खोटं कशाला बोलू, मला मनातून तेच ऐकायचं होतं.

अण्णा खाली भट्टीपाशी होते, त्यांनी तिथूनच विचारलं, "तू शुद्ध हाय म्हनलीस?"

"सरांनी सांगितलं म्हणून."

"तू बघितलंस?"

"विचारलं."

"बघितलंस का?"

"नाही."

ते जिना चढून वर आले. मला वाटलं सरांना शिव्या देतील. त्यांनी सरांचं नावसुद्धा घेतलं नाही. "म्या तीनदा गाळल्याबिगर शुद्ध हा शब्द तोंडातनं काढत न्हाई. तू ऐकून काढलास. आन् माझं नाव घालून काढलास." त्यांच्या आवाजात राग नव्हता. सकाळी कपड्यावर नवं भोक दिसलं की ते जसे बघायचे तसे माझ्याकडे बघत होते. सरांनी मला फसवलं होतं, तसं मी अण्णांना फसवलं होतं. न कळत, पण सोन्यात तांबं न कळत राहिलं तरी ते तांबंच.

"उद्या जाऊ," अण्णा म्हणाले. "मी येतो."

आईने भाकरी उलटली आणि ती करपेपर्यंत तशीच बघत राहिली.

हवेलीत माजीसा उन्हात माळ जपत होत्या. मी एका दमात सांगितलं, ठिपका दाखवला. अण्णा दाराशी उभे, पागोटं काढावं तशी कानटोपी काढून हातात घेतलेली. माजीसांनी माळ थांबवली नाही.

"तुझे पता था?"

"नहीं, माजीसा."

"पूछा था किसी से?"

"पूछा था."

"हूँ." आणखी काही मणी. त्या रडतील की काय याची मला भीती वाटली. त्या रडल्या नाहीत. "पचहत्तर बरस," एवढंच म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, "आप लोग जाइए."

आत्तापर्यंत मी "तू" होते. त्या दिवशी "आप" झाले. अण्णांनाही ते ऐकू गेलं.

त्यांनी तीन दिवसांचा उपास केला, त्यांच्या महाराजसांकडून, म्हणजे जैन साधूंकडून, प्रायश्चित्त घेतलं, असं नंतर कळलं. सेठजींनी हॉटेलात जाऊन आवाज चढवला. हॉटेलाने माफी मागितली आणि सांगितलं की शाकाहारी असल्याचं शिकाऊ मुलीने स्वतःच्या मनाने लिहिलं, कार्डावर तिचं नाव आहे, बघा. नाव होतंच. दाते सरांनी माझ्या वहीत शेरा लिहिला: भरवशाची नाही. मराठीत नव्हे, इंग्रजीत. खाली सही सुंदर, वळणदार. कॉलेजने वही बघितली आणि वीस आठवडे पुन्हा करायला सांगितलं. वर्ग पुढे गेला, मी मागे राहिले.

पण मला खरं सलतं ते हे नाही. दुसऱ्या महिन्यात अण्णा नेहमीसारखे त्या घरचं गाळलेलं सोनं घेऊन गेले. सेठजींनी चहा मागवला, तब्येत विचारली, सगळं पूर्वीसारखं. आणि बोलता बोलता खणातून काळा दगड काढला, अण्णांचं सोनं त्यावर घासलं, उजेडाकडे धरून बघितलं. सोनं चोख होतं. अण्णा घरी येऊन जेवले नाहीत. "बरोबर केलं त्यानं," म्हणाले. "म्या बी तेच केलं असतं." त्या घरी अजूनही घासतात. वाईटपणा नाही, काम चालू आहे, दिवाळीला मिठाई येते. फक्त घासतात. तो शेरा मला पुढे भरून काढता आला, हे पुसता आलं नाही.

सीतापुऱ्यात कपड्यांच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये मी ते वीस आठवडे पुन्हा काढले. शिलाई करणाऱ्या बाया-माणसांसाठी डाळ, भाजी, पोळ्यांच्या थप्प्या. कँटीन शकुंतलाजी चालवायच्या, अजमेरकडच्या, सदा खोकणाऱ्या आणि सदा हसणाऱ्या. एकदा मी मसाल्याच्या पाकिटावरचं बारीक अक्षर दिव्याखाली धरून वाचत होते तर म्हणाल्या, "प्रेमपत्र है क्या?" शेवटच्या दिवशी वही पुढे केली तेव्हा आधीच्या पानावरचा शेरा त्यांना दिसला. पेन थांबलं. "ये किसने लिखा?" मी सांगितलं, सगळं, अथपासून इतिपर्यंत, हिंदीत. त्या ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "तो मैं क्या लिखूँ?"

"जो देखा वो लिखिए," मी म्हटलं.

त्यांना लिहायला वेळ लागला. अक्षर मोठं, शाळकरी. त्यांनी लिहिलं की मुलगी वेळेवर येते, तिखट जास्त घालते आणि न बघता काही बोलत नाही.

वर्गात त्या मागच्या बाकावरच्या मुलाला मी उत्तर देते. चीज हातात घ्या, वेष्टन उलटं करा, रेनेट कुठलं ते वाचा, मला विचारू नका. मुलं हसतात, मॅम सगळ्याच गोष्टींत असंच म्हणतात. मग आम्ही फोंड्यू करतो. माझा हात आपोआप इंग्रजी आठचा आकडा काढायला लागतो, आणि ते त्यांनीच शिकवलेलं आहे. तेवढं मला परत करता येत नाही. कधी बाजारात पाठीमागून कुणी मराठीत बोललं तर अजून मान वळते, पण पाय तिकडे वळत नाही. ती सवय मी लावून घेतली आहे आणि ती लावून घ्यावी लागली याचा राग गेलेला नाही. जायला पाहिजे असंही मला वाटत नाही.

शकुंतलाजींच्या सहीवर मी परीक्षेला बसले. पहिल्या वर्गात पास झाले, एक वर्ष उशिरा. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर.